एकाच चाकात तीन ट्यूब: टायर बसवताना होणाऱ्या पंक्चरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या सायकलस्वार ताई रोज कामावर सायकलने ये-जा करतात आणि पंक्चर स्वतः काढतात. त्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. चाक, टायर आणि ट्यूब यांचे तपशील मात्र आहेत तसेच ठेवले आहेत, कारण उलगडा त्यांच्यातूनच झाला.

सायकल ७०० सी (चाकाचं एक प्रचलित माप) चाकांची, रिम ॲल्युमिनियमची. मागच्या चाकावर २८ मिमी रुंदीचा टायर होता. तो झिजला तेव्हा ताईंनी थोडा रुंद आणि दणकट टायर घेतला. नव्या टायरच्या बाजूवर ३२-६२२ असं छापलेलं होतं. यातला ३२ हा आकडा टायरची रुंदी सांगतो आणि ६२२ म्हणजे टायर रिमवर जिथे टेकतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. जुन्या टायरवरही ६२२च होतं, म्हणजे मापात काही चूक नव्हती. नव्या टायरच्या कडेत, म्हणजे रिममध्ये अडकणाऱ्या काठात, पोलादी तार होती आणि काट्यांपासून संरक्षण म्हणून आत एक जाड थर होता. असा टायर हाताला निबर लागतो.

ट्यूब प्रेस्टा (बारीक, लांबट) व्हॉल्व्हच्या होत्या, पण ३५ ते ४३ मिमीच्या टायरसाठी बनवलेल्या. मोठी ट्यूब जास्त टिकते, असं ताईंना कुणीतरी सांगितलं होतं. त्यात तथ्य आहे. मोठी ट्यूब टायरच्या आत कमी ताणली जाते, त्यामुळे तिचं रबर फारसं पातळ होत नाही. पण त्याचा एक तोटा इथे नडला, तो पुढे येईलच.

अडचण

नवा टायर चढवताना शेवटचा वीतभर भाग रिमच्या आत जाईना. ताईंनी तीन लिव्हर (टायरची कड रिमवरून चढवण्या-उतरवण्याच्या चपट्या पट्ट्या) लावून तो कसाबसा आत ढकलला. रात्री हवा भरली, सकाळी चाक बसलेलं. ती ट्यूब फेकून त्यांनी दुसरी घातली. या वेळी टायर चढवायला आणखी जोर लागला. हवा ७० पीएसआयच्या (पीएसआय हे हवेच्या दाबाचं एकक) आसपास पोचल्यावर काही मिनिटांत बंद खोलीत बंदुकीसारखा आवाज झाला आणि ट्यूब बोटभर लांब फाटली. तिसरी ट्यूब दोन दिवस चालली आणि मग हळूहळू हवा सोडू लागली.

चाक घेऊन त्या आमच्या दुरुस्तीच्या बैठकीला आल्या तेव्हा त्यांचा निष्कर्ष ठरलेला होता. "ट्यूबच खराब निघतायत."

बैठकीतल्या एका मुलाने पहिलाच प्रश्न नेमका विचारला. "ताई, फाटलेल्या ट्यूब टाकून दिल्या का?"

"पहिली टाकली. बाकीच्या दोन आहेत पिशवीत."

त्या दोन ट्यूब हाताशी होत्या म्हणूनच उलगडा झाला. पंक्चर झालेली ट्यूब बदलण्याची घाई सगळ्यांनाच असते, पण भोक कुठे आहे आणि कसं आहे हे पाहिल्याशिवाय नवी ट्यूब घालणं म्हणजे तेच कारण पुन्हा वापरून बघणं.

भोकं काय सांगत होती

ट्यूबवरच्या भोकाची जागा कारणाकडे बोट दाखवते. बाहेरच्या अंगाला, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला भोक असेल तर काटा, काच किंवा तारेचा तुकडा शोधायचा. आतल्या अंगाला बरोबर मधोमध गोल भोक आणि त्याभोवती खळगा उमटलेला असेल तर रिमपट्टी, म्हणजे रिमच्या आतली भोकं झाकणारी पट्टी, सरकली आहे आणि ट्यूब आऱ्यांच्या निपलच्या (आरा रिमला धरणाऱ्या छोट्या नटाच्या) भोकात घुसते आहे. कमी हवेत चाक खड्ड्यात आपटलं तर ट्यूब रिमच्या दोन्ही भिंतींवर चेंगरते, म्हणून दोन भोकं पडतात. ती रिमच्या रुंदीइतक्या अंतरावर असतात, एक या बाजूला आणि एक त्या बाजूला.

तिसरी ट्यूब आम्ही पाण्यात धरली. बुडबुडे दोन ठिकाणांहून निघाले, पण दोन्ही ठिकाणं एकाच बाजूला होती, आतल्या अंगाकडे, आणि त्यांच्यात सेंटिमीटरभराचंही अंतर नव्हतं. भिंगाखाली पाहिलं तर ती भोकं नव्हती, आखूड आणि सरळ चिरा होत्या. ट्यूबची घडी पडावी, तिच्यावर लिव्हरचं टोक यावं आणि दोन्ही पदर एकदम कापले जावेत, अशा खुणा. खड्ड्याच्या मारात चिरा एवढ्या जवळ आणि एकाच बाजूला येत नाहीत.

मग ट्यूब व्हॉल्व्हपाशी धरून बरोबर अर्ध्यात दुमडली. दुमडीचं दुसरं टोक म्हणजे चाकात व्हॉल्व्हच्या अगदी समोरची जागा. चिरा त्या दुमडीपासून चार बोटांवर होत्या. टायर चढवणं कुठे संपवलं, असं विचारल्यावर ताई म्हणाल्या, "व्हॉल्व्हपासून सुरुवात करते, त्यामुळे शेवट समोरच येतो." जिथे सगळ्यात जास्त जोर लागला, जिथे लिव्हर लागले, बरोबर तिथेच ट्यूब कापली गेली होती.

दुसऱ्या ट्यूबचं प्रकरण वेगळं. तिची फाट व्हॉल्व्हला लागून होती. ट्यूब स्वतःच्या बळावर जवळजवळ काहीच दाब पेलत नाही. दाब पेलतो तो टायर, आणि टायरला धरून ठेवते ती रिमच्या कडेखाली अडकलेली त्याची तार. व्हॉल्व्हपाशी ट्यूबचं रबर जाड असतं. ते जर तारेखाली सापडलं, तर तिथे टायर नीट बसत नाही. हवा वाढते तशी टायरची कड वर सरकते, फटीतून ट्यूबचा फुगा बाहेर येतो आणि फुटतो. आवाज मोठा होतो आणि फाट लांब पडते. म्हणजे दुसरी ट्यूब लिव्हरने गेली नव्हती, तारेखाली अडकून गेली होती.

दोन ट्यूब दोन वेगळ्या कारणांनी गेल्या, तरी दोन्हीच्या मुळाशी गोष्ट एकच दिसत होती. हा टायर या रिमवर नको तितका घट्ट होता आणि मोठ्या ट्यूबच्या घड्यांना आत जागा नव्हती. ट्यूब सदोष असण्याची शक्यता आम्ही इथे सोडून दिली. उत्पादनातला दोष एकदा लिव्हरच्या जागी आणि एकदा व्हॉल्व्हच्या जागी असा सोयीस्कर उगवत नाही.

घट्टपणा येतो कुठून

प्रश्न सोपा वाटतो, पण टायरचं काम ज्यांना जमत नाही त्यातल्या बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. कडेतली तार ताणली जात नाही आणि ताणली जाऊही नये, नाहीतर हवा भरल्यावर टायर रिमवरून निसटेल. मग न ताणणारं कडं स्वतःपेक्षा मोठ्या व्यासाच्या भिंतीवरून आत जातं कसं? उत्तर रिमच्या आत आहे. रिमच्या मधोमध एक खोबण असते, टायर टेकतो त्या जागेपेक्षा खोल. तार एका बाजूला या खोबणीत उतरवली की ती तिथे लहान वाटेने जाते, आणि वाचलेली लांबी समोरच्या बाजूला सैलपणा म्हणून मिळते. न ताणणारी तार आणि मधे खोलगट रिम ही जोडी चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी १८९० मध्ये पेटंट केली, आणि आजच्या सायकलींचे बहुतेक टायर याच तत्त्वावर बसतात.

हिशेब सरळ आहे. वर्तुळाची त्रिज्या १ मिमीने कमी झाली की घेर ६ मिमीहून थोडा जास्त कमी होतो. अर्ध्या चाकावर तार १ मिमी खोल उतरली तरी ३ मिमी सैल मिळते. खोबण ३ मिमी खोल असेल तर जवळपास ९ मिमी. शेवटचा वीतभर टायर आत जातो की लिव्हर मागतो, हे या काही मिलिमीटरांवर ठरतं. खोबण कशाने भरली गेली तर हे मिलिमीटर हातचे जातात.

म्हणून आमच्यातल्या अनुभवी मेकॅनिकने टायर बाजूला ठेवून रिमच्या आत बोट फिरवलं. तिथे एक नाही, दोन रिमपट्ट्या होत्या. खाली जुनी कापडी, वर नवी रुंद कापडी. दोन्ही मिळून जाडी मिलिमीटरच्या पुढे होती, आणि वरची पट्टी इतकी रुंद होती की खोबणीतून वर चढून टायर टेकतो त्या जागेपर्यंत पोचली होती. ताईंना आठवलं. मागे कधीतरी आतल्या बाजूने पंक्चर झालं होतं, निपलच्या भोकामुळे, तेव्हा त्यांनी जुनी पट्टी न काढता वर दुसरी चिकटवली होती. त्या वेळी ते पंक्चर थांबलं. जुना टायर मऊ आणि सैल झालेला होता, त्यामुळे खोबण उथळ झाल्याचं त्यांना जाणवलंच नाही. नवा ताठ टायर आल्यावर ते उघडं पडलं.

कोणते पर्याय होते

चर्चा बरीच झाली. त्यातले काही पर्याय लगेच बाद झाले.

पोलादी, लांब दांड्याचा लिव्हर वापरावा, असं एकाने सुचवलं. त्याने टायर चढेल यात शंका नाही. पण लांब दांडा फक्त जोर वाढवतो. तो जोर लिव्हरच्या टोकाशी एकवटतो, आणि टोकाखाली घडी पडलेली ट्यूब असते. वर ॲल्युमिनियमच्या रिमवर ओरखडे येतात, त्यांच्या बोचऱ्या कडा नंतर पुन्हा ट्यूबला लागतात. हा पर्याय सोडला.

टायर परत करून सैल बसणारा घ्यावा, हाही विचार झाला. ताईंना हाच टायर हवा होता, कारण त्यांच्या वाटेवर काटे असतात. शिवाय घट्टपणाचं खरं कारण टायर आहे हे अजून सिद्ध झालं नव्हतं.

साबणाचं पाणी लावणं हा चांगला उपाय आहे. त्याने रबर घसरतं आणि कड आपोआप जागेवर बसते. पण घर्षण कमी झालं म्हणून तार लांब होत नाही. म्हणून ते मदतीला ठेवायचं, मुख्य उपाय म्हणून नाही, असं ठरलं.

वरची पट्टी काढून टाकावी, हे सगळ्यांना पटत होतं, पण ताईंचा आक्षेप रास्त होता. "ती काढली तर जुनं पंक्चर परत येईल." एक दोष घालवताना दुसरा परत आणायचा का, हा या प्रकरणातला सगळ्यात अवघड टप्पा होता. तोडगा असा निघाला की दोन्ही पट्ट्या काढायच्या आणि जास्त दाबासाठी बनवलेली पातळ नायलॉनची एकच पट्टी लावायची. तिची रुंदी एवढी हवी की निपलची भोकं दोन्ही बाजूंनी झाकली जातील, पण पट्टी टायर टेकतो त्या जागेवर चढणार नाही. पट्टीची जाडी कमी आणि ताण जास्त असेल तर दोन्ही दोष टळतात.

केलेली कृती

सगळ्यात आधी ट्यूब न घालता टायर चढवून पाहायचं, हा निर्णय मला या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा वाटतो. ट्यूब नसेल तर बिघडायला काही नसतं, आणि टायर-रिमची जोडी मुळात किती घट्ट आहे ते हाताला कळतं. दोन पट्ट्यांवर हा टायर ट्यूबशिवायही हाताने चढला नाही. एकदा बोटं लाल होईपर्यंत प्रयत्न करून पाहिला. पट्ट्या काढल्या, रिम पुसली, निपलच्या भोकांच्या कडा बोटाने तपासल्या, नायलॉनची पट्टी बसवली आणि तोच टायर पुन्हा रिकामा चढवला. शेवटी अंगठ्याच्या मुळाशी जोर द्यावा लागला, पण लिव्हरला हात लावावा लागला नाही. कारण पट्टीच होती हे त्या एका चाचणीने पक्कं झालं.

मग ट्यूब. ठिगळ लावलेली मोठी ट्यूबच वापरू, असं ताईंचं म्हणणं होतं. ठिगळ मजबूत होतं: काचकागदाने घासून, सोल्युशनचा ओलसरपणा जाईपर्यंत थांबून लावलेलं. पण मोठ्या ट्यूबचं आकारमान या टायरला जास्त होतं. जादा रबराच्या घड्या पडतात, त्या कडेखाली डोकावतात आणि तिथेच चिमटतात. शेवटी २८ ते ३२ मिमीच्या टायरची ट्यूब घेतली. मोठी ट्यूब ठिगळासकट पुढच्या रुंद टायरसाठी राखून ठेवली.

बसवण्याचा क्रम असा होता. टायरची आतली बाजू बोटांनी चाचपून घेतली, म्हणजे एखादा काटा राहिला असेल तर सापडावा. टायरच्या बाजूवरचं छापील अक्षर व्हॉल्व्हच्या भोकापाशी येईल असा टायर ठेवून एक कड पूर्ण चढवली. ही सवय ताईंनी आता कायमची लावून घेतली आहे, कारण पुढे ट्यूबवर भोक सापडलं की टायरवर त्याची जागा लगेच मिळते. ट्यूबला थोडी टाल्कम पावडर चोळली आणि एखाद-दुसरा पंपाचा दाब दिला, एवढाच की तिने गोल आकार धरावा. व्हॉल्व्ह भोकात घातला, पण त्याची चकती, म्हणजे व्हॉल्व्ह रिमला धरून ठेवणारा छोटा नट, अजून आवळली नाही. मग ट्यूब चाकभर फिरून टायरच्या पोकळीत ढकलली आणि पीळ पडलेला नाही हे पाहिलं.

दुसरी कड चढवताना सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून केली आणि शेवट व्हॉल्व्हपाशी आणला. इथे मतभेद झाला. शेवट व्हॉल्व्हपासून लांब असावा, म्हणजे जाड रबर मधे येणार नाही, असं एकाचं म्हणणं होतं. ते काही अगदीच चूक नाही. पण व्हॉल्व्हपाशी ट्यूबचं जाड रबर आणि दांडी यामुळे तार खोबणीत उतरूच शकत नाही. शेवट समोरच्या बाजूला आणला तर नेमकी व्हॉल्व्हकडची तार खोबणीत हवी असते आणि तिथे ती जात नाही. शेवट व्हॉल्व्हपाशी असेल तर समोरचा सगळा अर्धा भाग खोबणीत बसवता येतो आणि सैलपणा हवा तिथे मिळतो. घट्ट टायरला हा फरक मोठा असतो.

शेवटचा वीतभर भाग उरला तेव्हा ट्यूबमधली हवा सोडून दिली. मग ताईंनी चाक उभं धरून समोरच्या टोकाला दोन्ही हातांनी टायर चिमटीत दाबला, तार खोबणीत ढकलली आणि दोन्ही बाजूंनी हात घासत व्हॉल्व्हकडे आणले. प्रत्येक वेळी थोडासा सैलपणा पुढे सरकत येताना दिसत होता. तळव्याच्या टाचेने कड वर लोटली आणि ती "टक्" करून आत गेली.

पण काम इथे संपत नाही, आणि दुसरी ट्यूब फुटली होती ती याच टप्प्याकडे दुर्लक्ष झाल्याने. व्हॉल्व्ह आतल्या बाजूला दाबून टायरच्या पोकळीत वर ढकलला आणि परत खाली ओढला, म्हणजे तारेखाली सापडलेलं जाड रबर सुटतं. मग चाकभर फिरत, दोन्ही बाजूंनी, टायर अंगठ्याने आत लोटून कडेखाली ट्यूबचा काळा कोपरा दिसतो का हे पाहिलं. एका ठिकाणी दिसला. तिथे टायर हाताने मागेपुढे हलवला आणि ट्यूब आत गेली. त्यानंतर १५ पीएसआय हवा भरली आणि टायरच्या बाजूवर रिमजवळ उमटलेली बारीक रेघ पाहिली. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर असायला हवी. जिथे ती खाली दबलेली दिसते तिथे कड पूर्ण बसलेली नसते. जिथे वर येते तिथे टायर निसटण्याच्या बेतात असतो. इथे एके ठिकाणी रेघ दबलेली होती, म्हणून हवा सोडून साबणाचं पाणी लावलं आणि पुन्हा भरली. रेघ सरळ झाल्यावरच टायरवर छापलेल्या मर्यादेत पूर्ण हवा भरली. व्हॉल्व्हची चकती शेवटी, बोटांनीच आवळली.

निष्पत्ती

दुसऱ्या दिवशी सकाळी हवा तशीच होती आणि नंतरही बसवण्यातून आलेलं पंक्चर झालं नाही. जुनं आतल्या बाजूचं पंक्चरही परत आलं नाही. काही आठवड्यांनी एक काटा घुसला, तेव्हा ताईंनी भोक बाहेरच्या अंगाला आहे हे पाहून काटा टायरमधून काढला, ट्यूबला ठिगळ लावलं आणि टायर रस्त्याच्या कडेला हाताने परत चढवला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली ट्यूब जपून ठेवली असती तर दुसरी आणि तिसरी वाचली असती. तिसऱ्या ट्यूबवरून दिसतं की पहिलीची चीरही बहुधा व्हॉल्व्हच्या समोरच असणार, पण आता ते पडताळता येत नाही.

आतल्या बाजूच्या जुन्या पंक्चरच्या वेळी जुनी पट्टी काढून योग्य रुंदीची एकच पट्टी लावली असती तर हे प्रकरण घडलंच नसतं. वरून थर चढवणं सोपं पडतं, म्हणून लोक तेच करतात, आणि बऱ्याच वेळा ते निभावूनही जातं. पण खोबण ही रिमची मोकळी राहायला हवी अशी जागा आहे, हे पट्टी लावताना लक्षात असावं.

दुसऱ्या ट्यूबच्या वेळी १५ पीएसआयवर थांबून रेघ पाहिली असती तर स्फोट टळला असता. एकदम पूर्ण दाब भरू नये याचं आणखी एक कारण म्हणजे कान. बंद खोलीत तो आवाज खरोखरच त्रासदायक होतो.

आणि लिव्हर. तो वर्ज्य आहे असं मला म्हणायचं नाही. पुढच्या चाकावर ताईंनी नंतर हाच टायर बसवला. तिथे पट्टी एकच आहे, पण रिमची खोबण मुळातच उथळ आहे, त्यामुळे शेवटचे तीन-चार बोटं हाताने जात नाहीत. तिथे त्या प्लॅस्टिकचा लिव्हर वापरतात. एका वेळी दोन बोटांएवढाच भाग उचलतात, त्याआधी ट्यूब बोटाने आत सारतात, आणि लिव्हर उभा झाला की थांबतात, कारण त्यापुढे टोक ट्यूबकडे वळतं. हा टायर झिजल्यावर पुढच्या चाकाला कडेत पोलादी तारेऐवजी दुमडता येणारा धागा असलेला घडीचा टायर घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं आहे. त्या रिमवर तो सोपा जाईल की नाही, हे आधी ट्यूबशिवाय चढवूनच पाहायचं आहे.